मेंदू खेळायला बसतो तेव्हा

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाक विदाल नावाचे प्राध्यापक होते. माणसाचा मेंदू आणि संगणक यांची थेट गाठ घालता येईल का, हा प्रश्न त्यांनी १९७३ साली एका शोधनिबंधात शास्त्रीय शिस्तीनं मांडला आणि १९७७ साली त्याचं प्रात्यक्षिकही प्रसिद्ध केलं. हे प्रात्यक्षिक भूलभुलैयाचं होतं. माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले आणि समोर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा लुकलुकणारा पट. पटाच्या ज्या बाजूवर तो नजर रोखेल, त्याप्रमाणे त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात उठणारी विद्युतलहर बदलायची. संगणक ती लहर ओळखायचा आणि पडद्यावरच्या भूलभुलैयातला ठिपका वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचा. माणसाचे हात मात्र मांडीवरच असायचे.

मेंदूला संगणकाचं दार उघडून मिळालं आणि तो लगेच खेळायलाच बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढेही हेच होत राहिलं. अमेरिकेत चाकूहल्ल्यात मानेखालचं शरीर गमावलेल्या मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत २००४ साली ९६ इलेक्ट्रोडची चिमुकली पट्टी बसवली गेली. विचारानं कर्सर हलवू लागल्यावर तो ईमेल उघडायला शिकला, टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायला शिकला आणि ‘पाँग’ खेळला. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एका किशोरवयीन मुलाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर, त्याचे अपस्माराचे झटके नेमके कुठून उठतात हे शोधण्यासाठी, इलेक्ट्रोडची जाळी ठेवलेली होती. संशोधकांनी तीच जाळी संगणकाला जोडली आणि पोरगा हात न लावता ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळू लागला. एलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं २०२१ साली जगाला दाखवलं ते पेजर नावाचं माकड, नळीतून केळ्याची स्मूदी ओढत पाँग खेळणारं. आणि जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीचं उपकरण डोक्यात बसवून घेणारा पहिला माणूस, नोलंड आर्बो, काही आठवड्यांत रात्र-रात्र जागून ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळत होता. २०१६ साली पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघातात त्याचं मानेखालचं शरीर निकामी झालं होतं. हा गेम त्यानं सोडून दिला होता, कारण तोंडात काडी धरून आयपॅडवर टोचत तो खेळायचा म्हणजे दर थोड्या वेळानं कुणाला तरी शरीर सरळ करायला बोलवावं लागायचं. आता त्याला थांबवत होती ती फक्त उपकरणाची बॅटरी.

हे पुस्तक अशा खेळांच्या पुढच्या काळाबद्दल आहे: डोळ्यांवर हेडसेट चढवून आपण ज्या आभासी जगात शिरतो, त्या जगाशी मेंदूचा थेट व्यवहार सुरू झाला तर काय होईल. या विषयावर लिहिणारे बरेच जण दोन-तीन चित्रपटांची नावं घेऊन सुरुवात करतात आणि माणूस एक दिवस स्वप्नात जगेल अशा भाकितावर संपवतात. माझी विनंती आहे की वाचकानं ते भाकीत बाजूला ठेवून आधी हे पाहावं की आजवर या खेळाला कोण बसलं, का बसलं आणि त्यांना काय मिळालं.

खेळच का, याचं उत्तर झुरिकजवळच्या क्लोटेन गावी ८ ऑक्टोबर २०१६ रोजी मिळालं. तिथे सायबॅथलॉनची पहिली स्पर्धा झाली. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठानं भरवलेल्या या स्पर्धेत अपंग खेळाडू कृत्रिम हात-पाय, यांत्रिक खुर्च्या अशी साधनं घेऊन उतरतात. त्यातल्या एका शर्यतीसाठी ‘ब्रेनरनर्स’ नावाचा व्हिडिओ गेम खास तयार केला होता. पडद्यावर चार धावपटू चार मार्गिकांमध्ये पळतात. मार्गावर रंगीत पट्टे येतात. एका रंगावर उडी मारायची, दुसऱ्यावर खालून सरपटायचं, तिसऱ्यावर वेग घ्यायचा. आणि एक पट्टा असा, की तिथे कोणतीच आज्ञा द्यायची नाही. चुकीची आज्ञा गेली की धावपटू मंदावतो. खेळाडू चाकांच्या खुर्चीत, डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, समोर प्रेक्षकांचा गलका.

सुवर्णपदक मिळालं ते लोझानच्या ईपीएफएल संस्थेच्या चमूला. त्यांच्या खेळाडूंची पद्धत अशी होती: दोन्ही हात हलवतोय अशी मनात कल्पना केली की एक आज्ञा, दोन्ही पाय हलवतोय अशी कल्पना केली की दुसरी, आणि दोन्ही एकापाठोपाठ झटकन केल्या की तिसरी. वर्षानुवर्षं न हललेले पाय मनात हलवायचे, तेही ठरल्या क्षणी, आणि लगेच थांबायचं. यातला ‘काही न करण्याचा’ पट्टा मला सगळ्यात अवघड वाटतो. हात मांडीवर ठेवून गप्प बसणं आपल्याला जमतं, पण मेंदू गप्प बसत नाही. प्रेक्षकांच्या आरोळीनंही तो हलतो आणि यंत्राला वाटतं आज्ञा आली. या चमूनं २०१८ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. महिनोन् महिन्यांच्या सरावानं संगणक तर खेळाडूला ओळखायला शिकलाच, शिवाय खेळाडूंच्या मेंदूतले संकेतही अधिकाधिक सुस्पष्ट होत गेले. शिकण्याचा भार एकट्या यंत्रावर टाकता येत नाही, हा त्यातला महत्त्वाचा धडा. आता असा कंटाळवाणा सराव माणसानं रोज, महिनोन् महिने, आपणहून करावा यासाठी गुणसंख्या, शर्यत, हरण्याची चीड आणि ‘अजून एक डाव’ यांच्यापेक्षा प्रभावी युक्ती कुणाला सापडलेली नाही. प्रयोगशाळांनी व्हिडिओ गेमचा आश्रय घेतला तो गरजेपोटी.

संकेत इतका अवघड का, हे समजायला आपल्या गावातली ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या चाचणीची, खोली पुरेशी आहे. ज्यांच्या घरी फिट्सचा रुग्ण आहे त्यांनी ती पाहिलेली असते. आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं: केस धुऊन या, तेल लावू नका. तेलाच्या थरातून वीज नीट पोचत नाही. तंत्रज्ञ टेपनं डोकं मोजतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेन्सिलीनं खुणा करतो, केस बाजूला सारून कातडी जराशी घासतो, पेस्टचा गोळा लावून एकेक इलेक्ट्रोड चिकटवतो. एवढं करून जो संकेत मिळतो तो काही दशक मायक्रोव्होल्टचा, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दाबाच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा. पापणी मिटली, दात आवळले, तरी कागदावर त्याहून मोठी लाट उठते. आणि लाखो चेतापेशी एका तालात बोलल्या तरच बाहेर काही ऐकू येतं. मध्ये कवटी आहे, ती सगळं पुसट करते. मंगल कार्यालयाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून आत मंगलाष्टका चालल्या आहेत की पंगत बसली आहे हे ओळखता येतं, पण दुसऱ्या रांगेतली आत्या शेजारणीच्या कानात काय सांगते आहे ते कळत नाही. ईईजीचं तसंच आहे.

यावर उपाय म्हणजे आत जाणं. नेगलच्या मेंदूत बसवलेल्या पट्टीला सुयांसारखे इलेक्ट्रोड होते. न्यूरालिंकच्या उपकरणात केसाहून बारीक ६४ धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड आहेत आणि हे धागे यंत्रमानव टोचतो, कारण माणसाच्या हाताला ते जमणार नाही. सिंक्रॉन नावाची दुसरी कंपनी कवटी उघडतच नाही; मानेतल्या शिरेतून जाळीदार नळी सरकवत मेंदूतल्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवते, हृदयात स्टेंट घालतात तशाच रीतीनं. २०२४ मध्ये तिच्या एका रुग्णानं, ज्याला एएलएस या आजारानं हात वापरता येत नव्हते, ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट चढवून विचारानं पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ डाव लावला. आभासी जगाचा हेडसेट आणि मेंदूतलं उपकरण यांची गाठ पडली ती अशी.

पण धडधाकट माणूस कवटीला भोक पाडून घेणार आहे का? माझं स्पष्ट मत आहे की नाही, निदान खेळासाठी नाही. त्यामुळे बाजारात गेमरसाठी जे आलं ते बाहेरून ऐकणारंच आलं, आणि त्याचा इतिहास अपेक्षाभंगाचा आहे. अटारी कंपनीनं १९८४ साली ‘माइंडलिंक’ नावाची कपाळपट्टी दाखवली; ती कपाळाच्या स्नायूंची हालचाल टिपायची आणि चाचणीत लोकांची भुवया उडवून-उडवून डोकी दुखू लागली. ती विक्रीला आलीच नाही. २००९ साली खेळण्यांच्या दुकानांत ‘माइंडफ्लेक्स’ आलं, एकाग्र झालात की पंखा जोरात फिरून फोमचा चेंडू वर उचलणारं. मुलांनी चार दिवस खेळून कपाटात टाकलं. पॅरिसच्या नेक्स्टमाइंडनं डोक्याच्या मागे लावायचं एक सुबक यंत्र ३९९ डॉलरला बाजारात आणलं. ज्या वस्तूकडे टक लावून पाहाल ती निवडली जायची. २०२२ च्या मार्चमध्ये स्नॅप या कंपनीनं नेक्स्टमाइंड विकत घेतली आणि यंत्राची विक्री थांबली.

ही सगळी माणसं हुशार होती आणि त्यांची यंत्रं खोटी नव्हती. अडचण हातांची होती. निरोगी माणसाची बोटं ही मेंदूची इतकी जुनी, इतकी सरावलेली आणि इतकी वेगवान वाट आहे की टोपीतून आलेला संकेत तिच्यासमोर टिकत नाही. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे दर १७ मिलिसेकंदांनी. बीजीएमआय खेळणारी आपली मुलं पिंग, म्हणजे नेटवर्कचा विलंब, शंभर मिलिसेकंदांवर गेला तरी कपाळाला हात लावतात. मेंदूतली अनपेक्षित गोष्ट ओळखणारी लहर, जिच्यावर या क्षेत्रातलं पुष्कळ काम उभं आहे, ती मुळात घटनेनंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटते आणि खात्री पटायला ती पुन्हा-पुन्हा पाहावी लागते. हालचालीची कल्पना ओळखायलाही सेकंदभर जातो. त्यातही १५ ते ३० टक्के लोकांचा मेंदू या पद्धतींना पुरेसा स्वच्छ संकेतच देत नाही, असं अभ्यासक सांगत आले आहेत. मेटा कंपनीनं हे ओळखलं. २०२१ साली तिनं डोक्यावरून विचार वाचणाऱ्या यंत्राचा प्रकल्प थांबवला आणि मनगटाकडे मोर्चा वळवला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिनं चष्म्यासोबत जो पट्टा विकायला काढला, तो मेंदूनं बोटांना धाडलेली आज्ञा मनगटाच्या स्नायूंत पोचताना पकडतो. मेंदूच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा निरोप जिथे पोचतो तिथे थांबणं शहाणपणाचं, हा हिशेब मला पटतो. नजीकच्या काळात आपल्या घरात येईल ते हेच.

मग ‘पूर्ण आत शिरण्याचं’ काय? जपानी मालिकांमुळे आपल्या तरुणांना ‘फुल डाइव्ह’ची स्वप्नं पडतात: शिरस्त्राण घातलं, डोळे मिटले आणि गवताचा वास, तलवारीचं वजन, जखमेची कळ सगळं थेट मेंदूत. इथे प्रश्न वाचण्याचा राहत नाही, लिहिण्याचा होतो, आणि लिहिणं वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यात सगळ्यात पुढे गेलेलं उदाहरण मी सांगतो. स्पेनमधल्या एल्चे गावी बर्नार्देता गोमेझ या अंध माजी शिक्षिकेच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रात ९६ इलेक्ट्रोड बसवले गेले. चष्म्यातल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य त्या इलेक्ट्रोडमधून मेंदूला दिलं की त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसत. त्या ठिपक्यांवरून त्यांनी रेषा ओळखल्या, काही अक्षरं ओळखली आणि थेट मेंदूत उतरवलेला एक साधा व्हिडिओ गेमही खेळल्या. सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे उपकरण काढून घेतलं गेलं. हे काम २०२१ साली प्रसिद्ध झालं. हजारो दिवस काहीच न दिसलेल्या बाईला ठिपका दिसणं ही केवढी गोष्ट आहे! पण ९६ ठिपक्यांपासून गवताच्या पात्यापर्यंतचं अंतर केवढं आहे, तेही त्यातूनच कळतं. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला कानामागून बारीकसा प्रवाह देऊन शरीर कलल्याची जाणीव निर्माण करता येते. आभासी गाडी वळली आणि शरीर मात्र खुर्चीत स्थिर, या विसंगतीनं हेडसेटमध्ये जी मळमळ होते ती यामुळे कमी होईल, अशी आशा आहे. मला वाटतं, लिहिण्याच्या बाबतीत पुढची काही वर्षं एवढ्यावरच समाधान मानावं लागेल.

या पुस्तकाचा खरा गाभा मला वेगळीकडे दिसतो. मेंदूनं गेम चालवायचा, याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. गेमनं मेंदू वाचायचा, याकडे फारच थोड्यांचं.

‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीत माइक अँबिंडर नावाचे प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी २०११ साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत काही प्रयोग सांगितले. त्यातल्या एका गेममध्ये ठराविक वेळेत शत्रू मारायचे होते आणि खेळाडूच्या त्वचेवरच्या घामावरून त्याची उत्तेजना मोजली जात होती. जो शांत राहील त्याचं घड्याळ नेहमीच्या चालीनं चाले. जो घाबरेल त्याचं घड्याळ वेगानं पळे. म्हणजे भीती हाच शत्रू. काय सुंदर कल्पना आहे! व्हॉल्व्हच्याच ‘लेफ्ट ४ डेड’मध्ये तर पडद्याआडून झोंबींचे लोंढे कधी सोडायचे हे ठरवणारा संगणकी दिग्दर्शक आधीपासूनच होता, त्याला खेळाडूच्या उत्तेजनेची माहिती दिली की तो प्रत्येकासाठी वेगळी रात्र रचू शकत होता. २०१९ साली अँबिंडर यांनी हाच धागा मेंदूपर्यंत नेला. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की मेंदूशी थेट जोडलेल्या अनुभवांपुढे खरं जग फिकं वाटू लागेल. ओपनबीसीआय कंपनीच्या ‘गॅलिया’ हेडसेटमध्ये मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, हृदयाचे ठोके आणि त्वचेचा ओलावा एकाच वेळी टिपण्याची सोय आहे.

गेमनं मेंदू वाचण्यासाठी सेकंदा-सेकंदाला अचूक आज्ञा लागत नाहीत. कार्यालयात मंगलाष्टका चालल्या आहेत की पंगत, एवढं कळलं तरी पुरतं. खेळाडू कंटाळला आहे, गोंधळला आहे, दमला आहे, की अगदी रंगात आला आहे, हे पुसट संकेतांवरूनही समजू शकतं. त्यामुळे टोपीचं जे वैगुण्य आज्ञा देताना आडवं येतं, ते इथे येत नाही. शिकताना अडखळणाऱ्या मुलाला ज्या क्षणी सोपं उदाहरण हवं त्याच क्षणी ते देणारा खेळ, अर्धांगानंतर हात पुन्हा शिकणाऱ्या आजोबांच्या थकव्याप्रमाणे डाव हलका करणारा खेळ, ही मला न पोचता येण्याजोगी स्वप्नं वाटत नाहीत.

पण ज्या क्षणी तुम्ही रंगात आला आहात तो क्षण ज्याला कळतो, त्याला ‘आता पैसे मागावेत’ हेही कळतं. आपल्या देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी किती घरं बुडवली, हे महाराष्ट्रातल्या गावागावांत लोकांनी पाहिलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदा केला तो उगाच नाही. ते खेळ केवळ तुमच्या बोटांच्या टिचक्यांवरून तुमचा स्वभाव ताडत होते. त्यांच्या हाती तुमच्या मेंदूची लाट आली असती तर? आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. २०१२ साली संशोधकांच्या एका गटानं दुकानात मिळणारा साधा गेमिंग हेडसेट लोकांच्या डोक्यावर चढवला आणि पडद्यावर आकडे, बँकांची चिन्हं, महिन्यांची नावं, चेहरे दाखवले. ओळखीची गोष्ट दिसली की मेंदू नकळत दाद देतो. त्या दादेवरून माणसाच्या पिनचा आकडा, बँक, जन्ममहिना यांचा अंदाज निव्वळ नशिबाच्या तुलनेत १५ ते ४० टक्के पक्का करता आला. 

चिलीनं २०२१ साली राज्यघटनेतच मेंदूच्या व्यवहारांना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलं. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गीदो हिरार्दी या माजी सिनेटरच्या दाव्यावर निकाल देत मेंदूच्या लहरी टिपणारे हेडसेट बनवणाऱ्या इमोटिव्ह कंपनीला त्याची मेंदूविषयक माहिती पुसायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियानं २०२४ साली चेतासंस्थेची माहिती संवेदनशील ठरवली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. मेंदूची लहर आणि पिनकोड कायद्याला सारखेच. एक कलम मात्र मोलाचं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला हा कायदा मनाई करतो. सरकार त्यातून सवलती देऊ शकतं, हेही त्याच कायद्यात आहे. मेंदू वाचणारा खेळ उद्या मुलांच्या बाजारात आला, तर भांडण याच कलमावर होणार. पालकांनी, शिक्षकांनी आणि वकिलांनी ते आत्ताच वाचून ठेवावं, असं मी कळकळीनं सांगतो.

दुसरा प्रश्न आहे उपकरण कुणाच्या भरवशावर चालतं याचा. आर्बोच्या मेंदूतले बरेचसे धागे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत मागे सरकले. कंपनीनं संगणकीय प्रणाली बदलून कामगिरी सावरली. पण ते कंपनीचे अभियंते उपलब्ध होते म्हणून. अंधांसाठी डोळ्यात बसवायचं ‘आर्गस’ उपकरण बनवणाऱ्या सेकंड साइटनं अडचणीत आल्यावर हात वर केले आणि माणसांच्या डोळ्यांत बंद पडू शकणारी यंत्रं तशीच राहिली. आपल्याकडे हे अनोळखी नाही. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत केंद्र सरकारच्या योजनेतून गरीब घरांतल्या कर्णबधिर मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतात. मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला थेट वीज देणारं हे यंत्र, म्हणजे लिहिण्याचंच एक यशस्वी रूप. मूल ‘आई’ म्हणतं तेव्हा घरात दिवाळी होते. पण वॉरंटी संपल्यावर बाहेरचा प्रोसेसर बिघडला की त्याची किंमत ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो. मेंदूत बसवलेल्या यंत्राचे सुटे भाग, त्याची दुरुस्ती आणि कंपनी बुडाल्यास पुढचा बंदोबस्त यांची हमी कोण देणार, हे शस्त्रक्रियेच्या आधी कागदावर यायला हवं.

काही वाचक म्हणतील, खेळासाठी एवढा आटापिटा कशाला? त्यांना मी सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची आठवण करून देईन. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलेला हा जवान पोहायला शिकला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अपंगांच्या या क्रीडाचळवळीची मुळं इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात आहेत. तिथले डॉक्टर लुडविग गुटमान पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांना खाटेवर पडून राहू देत नसत, खेळायला लावत. पुण्यात खडकीला अशाच जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे हातांची हालचाल गमावलेल्यांपैकी काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला: मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या, चारही हातपाय अधू झालेल्या एका साठी ओलांडलेल्या माणसानं मनात बोटं हलवून पडद्यावरचं ड्रोन अडथळ्यांच्या कड्यांमधून उडवलं. अंगठ्याच्या दोन दिशा आणि इतर बोटांचे दोन गट, अशा चार स्वतंत्र हालचाली त्याच्या मेंदूतून वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या. या निबंधाची सुरुवातच अशी आहे की शरीर लुळं पडलेल्या लोकांना सोबत, विरंगुळा आणि खेळ हवे असतात आणि ते त्यांना मिळत नाहीत. गंभीर वैद्यकीय नियतकालिकात हे पहिल्याच वाक्यात आलं, याचा मला आनंद वाटतो.

आणि इथेच एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. मेंदूच्या हालचाल-केंद्रात आज्ञा उमटते ती स्नायू हलण्याच्या आधी. मधला मज्जारज्जूचा आणि बोटांचा प्रवास वगळला, तर इलेक्ट्रोड असलेला खेळाडू हातवाल्यापेक्षा किंचित आधी पोचू शकतो. आर्बोनं मुलाखतींमध्ये हे बोलून दाखवलं आहे: आपण हलवायचं ठरवतो आहोत तोवर कर्सर पोचलेला असतो, आणि नेमबाजीच्या खेळात उद्या आपल्यासारख्यांसाठी वेगळी फळी करावी लागेल, कारण बाकीच्यांवर अन्याय होईल. न्यूरालिंकच्या दुसऱ्या रुग्णानं २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळायला सुरुवात केली तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक वेगवेगळे भरतात, कारण मैदानावर शरीर लागतं. ई-स्पोर्ट्सला तेवढं शरीर लागत नाही. आपल्याकडे ज्या कायद्यानं पैशांच्या खेळांवर बंदी आणली, त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे, आणि त्याच्या स्पर्धांचे नियम अजून घडत आहेत. हे नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलाभोवती खडकीच्या केंद्रातला एखादा जवान आधीपासून बसलेला असावा, अशी माझी मागणी आहे.